बावीस नावांची भिंत

१

बाळा तावडे गुरुवारी सकाळी दूधवाल्याला सापडला तो नव्या भिंतीच्या पायथ्याशी, पालथा, डोक्याची मागची बाजू फुटलेला आणि केव्हाच थंड झालेला. त्याच्यापासून दोन हातांवर पाथरवटाचा हातोडा पडला होता. फाटकाजवळच्या त्याच्या झोपडीची तर पार दुर्दशा करून ठेवली होती. ट्रंक उपडी, गोधडी उसवलेली, सारवलेली जमीनसुद्धा दोन ठिकाणी उकरलेली.

जागा घाटकोपरची. साकीनाक्याच्या रस्त्याला, डोंगराच्या कुशीत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं लष्करी कब्रस्तान आहे. बाळा तिथला माळी, रखवालदार, सगळं काही. लढाईत शेजारीच लष्कराचं इस्पितळ होतं. तिथे मेलेल्या गोऱ्या सोजिरांच्या कबरी ओळीने मांडलेल्या, प्रत्येकाच्या उशाला दगड. हिंदू आणि शीख जवानांचं मात्र ओढ्याकाठी दहन होई, त्यामुळे त्यांच्या नावाचा दगड कुठे लावायचा हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. अकरा वर्षांनी, १९५५ साली, सरकारदरबारी कुणाला तरी जाग आली. दहन झालेल्या बावीस जणांची नावं आणि नंबर एका भिंतीवर कोरायचं ठरलं. काम धाकू मेस्त्रीला मिळालं. दोन महिने खपून त्याने बावीस नावं कोरली आणि येत्या रविवारी भिंतीचं उद्घाटन व्हायचं होतं.

हातोडा धाकूचाच निघाला. शिवाय बुधवारी दुपारी दोन गवंड्यांनी त्याला बाळाची गचांडी धरून ओरडताना ऐकलं होतं, "तोंड उघडलंस तर जीव घेईन!" पोलिसांना आणखी काय हवं होतं? दुपारपर्यंत धाकू कोठडीत होता. भांडण कशावरून झालं, एवढंच तो सांगत नव्हता.

शुक्रवारी सकाळी त्याची बायको मालन अंधेरीला मार्तंड दिघ्यांच्या घरी नेहमीसारखी भांडी घासायला आली, पण मोरीकडे न जाता उंबऱ्यातच बसली.

दिघे करोनरच्या कोर्टात एकतीस वर्षं कारकून होते. अपघात, विष, गळफास, खून. मुंबईतली हजारो मेलेली माणसं त्यांच्या लेखणीखालून गेली होती. त्यामुळे की काय, जिवंत माणसांशी त्यांचं फारसं जमत नसे. दोन वर्षांपूर्वी बायको नलिनी गेली आणि बोलायला माणूस उरलं ते मालन. तीही बोलायला लागली की हे गृहस्थ वर्तमानपत्र वर धरायचे. आज मात्र त्यांनी ते खाली ठेवलं.

"काका, माझ्या घोवाक पकडून नेलेत. सोमवारी कोर्टात उभो करतले. तुमी कोर्टातले, तेका सोडवा."

"त्यानेच मारलं असेल तर?" दिघ्यांनी विचारलं. त्यांना गोड बोलणं जमतच नसे.

"तेनी जल्मात कुत्र्याक दगड मारूक नाय."

"मग भांडण कशाचं?"

"ताच तर तो सांगणा नाय. माकाव नाय." मालनने पदराने तोंड पुसलं. "मी इचारलंय तर भिंतीकडे तोंड करून बसलो."

गळ्याशी फास आलेला माणूस बायकोपासूनसुद्धा काय लपवतो, हे दिघ्यांना कळेना. त्यांनी खुंटीवरचा कोट काढला.

२

कब्रस्तानाच्या फाटकाशी फौजदार माणिक जोगळे भेटला; तो दिघ्यांना फार वर्षांपासून ओळखत होता. पहिल्या नोकरीत त्याने लिहिलेले पंचनामे दिघ्यांनी तीनतीनदा परत पाठवले होते, म्हणजे ओळख तशी घट्टच होती.

"साहेब, केस सरळ आहे," तो म्हणाला. "भांडण आहे, हातोडा आहे. तुम्ही उगाच ऊन खाताय."

"मी शवागारातून येतोय, माणिक. हातोडा लागला की कवटीला वाटीसारखा खड्डा पडतो. बाळाला वीतभर लांब चीर पडली आहे. दांडकं बसलंय ते. हातोडा मागाहून ठेवला."

माणिकने टोपी काढून डोकं खाजवलं. दिघे झोपडीला वळसा घालून मागे गेले. तिथे लाकडं रचून ठेवली होती. चांगली सुकी, आंब्याची, प्रत्येक ओंडका पाऊण पुरुष लांब आणि टोकाला गेरूचा पट्टा ओढलेला.

"बाळा स्वयंपाक कशावर करायचा?"

"स्टोव्हवर. आत पडलाय ना."

"मग इतक्या लांब लाकडांचं तो काय करणार होता?"

दोघं परत पुढच्या दाराकडे आले. तेवढ्यात दिघ्यांची टोपी कशाला तरी अडकली. झोपडीच्या दारात आंब्याचं झाड होतं आणि त्याच्या फांदीला मोठं मडकं टांगलेलं, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं.

"हे पंचनाम्यात का नाही?"

"अस्थी आहेत हो, साहेब!" माणिकचा आवाज खाली आला. "घरात ठेवत नाहीत म्हणून झाडाला टांगल्यात. त्याला कोण हात लावणार? शिपाई तर खालून जायलासुद्धा तयार नव्हते."

"बरोबर आहे. बाळाच्या घरात कोण वारलं?"

बाळाला ना बायको, ना मूल. सगळ्या घाटकोपरला हे ठाऊक होतं.

दोघांनी वहाणा काढल्या, हात जोडले आणि मडकं उतरवलं. अग्नी लागलेलं हाड कसं दिसतं हे दिघ्यांना कुणी शिकवायला नको होतं. नलिनीच्या अस्थी त्यांनी तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने वेचल्या होत्या. पांढऱ्या, भेगाळलेल्या, चिमटीत धरल्या तर चुरा होतील अशा. या मडक्यातली हाडं पिवळट होती, चिवट होती, दुधाने धुवून पुसून ठेवलेली होती. जबडा दातांसकट शाबूत. तळाशी लढाईतल्या शिपायाच्या गळ्यात असे तसला तांबडा बिल्ला होता, पुठ्ठ्यासारखा, कडा खाल्लेल्या, पण नंबर वाचता येत होता. असला बिल्ला चितेवर घटकाभरही टिकला नसता.

दिघे भिंतीपाशी गेले आणि बोटाने एकेक ओळ उतरत शेवटच्या नावावर थांबले. नंबर तोच होता. सॅपर भिकाजी घाडी. ज्याचं दहन झालं म्हणून भिंतीवर कोरलं होतं, त्याला आगीची धगही लागलेली नव्हती.

३

"मग खुनी सापडला," माणिक एकदम म्हणाला. "बघा हं. बाळाला ही हाडं सापडली. ती शोधायला खुन्याने झोपडी उकरली, आणि मडकं तर बाहेर डोळ्यांसमोर टांगलेलं. अस्थी घराबाहेर टांगतात हे हिंदू माणसाला सांगायला लागतं का? म्हणजे हा आपल्यातला नाही. इथे असा एकच आहे, ओव्हरसियर डिमेलो!"

तर्क वाईट नव्हता. आपण इतकी वर्षं परत पाठवलेले पंचनामे अगदीच वाया गेले नाहीत, असं दिघ्यांना वाटलं.

डिमेलो वाकोल्याचा. सायकलवरून आला तो रडून सुजलेल्या डोळ्यांनी. माणिकने मडक्याकडे बोट दाखवताच त्याने मान हलवली.

"हां, तो मंगळवारपासून आहे. मी विचारला ना, बाळा, हे काय टांगला रे? तो बोलला, साहेब, हात लावू नका, या माणसाचं व्हायचं राहून गेलंय. मला वाटला, त्याचा कोण नातेवाईक असेल. मी छातीवर क्रूस केला आणि त्याला अर्धा दिवस सुट्टी दिली."

माणिकचा चेहरा पडला. मडकं कुठे आहे आणि त्यात माणूस आहे हे मंगळवारपासून ज्याला ठाऊक होतं, तो बुधवारी झोपडीतली जमीन कशाला उकरेल?

"भिकाजी घाडी कोण?" दिघ्यांनी विचारलं.

"धाकूचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा भाऊ. लिस्टमध्ये मीच दाखवला त्याला. शेवटी कोरला त्याने ते नाव. कोरून झाल्यावर पाण्याने धुतला, फूल ठेवला."

धाकू भिंतीकडे तोंड करून का बसला होता, ते आता दिघ्यांना दिसायला लागलं.

"त्या वेळी दहनाचं काम कुणाकडे होतं?"

डिमेलोने कचेरीतून फाईल आणली. बावीस दाखले होते. प्रत्येकावर 'विधिवत दहन केले, अस्थी नातेवाइकांस दिल्या' अशी ओळ आणि खाली एकच सही. चंद्रप्रकाश, लाकूड व दहन यांचा ठेकेदार.

"आपले चंद्रप्रकाशशेठ?" माणिक ओरडला. "लाकडाच्या वखारीवाले? अहो, रविवारच्या स्वागत समितीचे अध्यक्ष आहेत ते!"

४

कोठडीत धाकू गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. दिघ्यांनी गजांजवळ स्टूल ओढलं.

"धाकू, भिकाजीची हाडं मी पाहिली."

धाकूने मान वर केली. मग तो एकदम गजांना येऊन भिडला. "तिका सांगलात? मालनीक सांगलात?"

"अजून नाही. आधी तू सांग."

बाळाला ती हाडं ओढ्याकाठी बकुळीच्या रोपासाठी खड्डा खणताना सापडली होती. अख्खा माणूस, दोन हात खोल. नंबर भिंतीवर जुळवून तो बुधवारी धाकूकडे आला आणि म्हणाला, तुझा मेव्हणा अग्नीशिवाय पडलाय, मालनला सांगूया, उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला अग्नी देऊया, लाकडं मी सांगून आलोय.

"मी तेची गचांडी धरलंय, काका. ह्यां खरा. जीव घेईन म्हटलंय, ह्यांव खरा. मालन अकरा वर्सां म्हाळात भावाचा पान वाढता. तेचा सगळा नीट झाला, एवढ्या एका समाधानार ती जगता. ता मोडूचा?" धाकूला हुंदका आला. "माका काय करायचा ता करांदे. तिका सांगू नका."

"तू फासावर गेलास तर तिला दोन पानं वाढावी लागतील," दिघे म्हणाले. त्यांना राग आला होता. धाकूचा नव्हे; अशी पाळी आणणाऱ्याचा. "आणि पुढे कधीतरी खरं कळलं, की नवरा का गप्प राहिला, तर? बोल, सांगू की नको?"

धाकूने गज सोडले आणि 'सांगा' म्हणून मान हलवली.

शनिवारी सकाळी साकीनाक्याच्या पत्र्याच्या खोलीत मालनने दिघ्यांना पाट दिला. त्यांनी आधी एकच गोष्ट विचारली. भावाच्या अस्थी कुणी दिल्या, आणि त्या कशा होत्या?

"लष्करातल्या ठेकेदारान दिल्यान. मडक्यात. मऊ राख होती, काका, चुलीतल्यासारकी. माझी आवस म्हणाली, ह्यात फुलां नाय दिसणत. तर तो म्हणालो, लष्कराची आग जोरदार, हाडूक शिल्लक रवणा नाय. आमी बायको माणसां. स्मशानात कधी गेलाव नाय. आमका काय कळता? मी नि आवस खाडयेत सोडून इलाव."

दिघ्यांनी आयुष्यभर वाईट बातम्या लिहिल्या होत्या, पण तोंडाने कधी दिल्या नव्हत्या. ते चाचरले, दोनदा अडखळले आणि मग सगळं एका दमात सांगून मोकळे झाले.

मालन रडली नाही.

"मगे आमी खाडयेत काय सोडलाव?"

दिघ्यांनी तिला दाखल्यावरच्या सहीचं नाव सांगितलं.

"तेका मी ओळखीन," मालन उठत म्हणाली. "चला."

५

चंद्रप्रकाशशेठ वखारीत गादीवर बसले होते. शनिवारची दुपार होती. त्यांनी दिघ्यांना आणि माणिकला सरबत मागवलं. मालन दाराबाहेरच थांबली. मजुरणीकडे शेठजींनी पाहिलंही नाही.

"बाळा बिचारा!" ते म्हणाले. "जानेवारीपासून भेट नाही त्याची. त्याचं काम फुलांचं, माझं लाकडाचं."

"लाकडाला हा गेरूचा पट्टा तुमच्याच वखारीत ओढतात का?"

"माझ्याच. चोरीला गेलं तर ओळखू यावं म्हणून."

"बाळाच्या झोपडीमागे तसलंच रचून ठेवलंय. चितेच्या मापाचं."

शेठजींनी पापणीही हलवली नाही. "नोकराने विकलं असेल. प्रत्येक गिऱ्हाइकाचं तोंड मी बघत नाही."

"म्हणूनच आम्ही आधी तुमच्या हातगाडीवाल्याला विचारलं," माणिक म्हणाला. "बुधवारी संध्याकाळी तुम्ही गाडीबरोबर चालत गेलात. गाडी रिकामी करून तो परतला, तुम्ही तिथेच थांबलात."

वखारीत कुऱ्हाडीचे घाव चालू होते ते थांबले. मजूर इकडे बघायला लागले.

दिघे नेहमीच्या कोर्टातल्या सुरात, जरा कंटाळल्यासारखे बोलत गेले. "बाळा भाबडा. न जळलेला माणूस सापडला, तर त्याला जाळायला लाकूड हवं, आणि लाकूड म्हणजे जवळची वखार, एवढाच त्याने विचार केला. कुणासाठी हवं हेही त्याने तुम्हाला सरळ सांगितलं असणार. तुम्ही बघायला गेलात. हाडं द्या, मी गुपचूप विल्हेवाट लावतो, असं काहीतरी म्हणालात. तो म्हणाला असेल, नाही, रविवारी सगळ्यांसमोर. त्याच्याच ढिगातला एक ओंडका तुमच्या हाताशी होता. तो आता या वखारीत कुठे आहे ते देवालाही सापडायचं नाही. मग तुम्ही भिंतीपाशी ठेवलेल्या धाकूच्या हत्यारांच्या पेटीतला हातोडा तिथे टाकलात आणि झोपडी उकरलीत."

"मी हिंदू आहे," शेठ म्हणाले. "अस्थी झाडाला टांगतात हे मला कळत नाही? मी जमीन कशाला उकरीन?"

"मडकं झाडाला होतं असं मी कुठे म्हणालो?" दिघ्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाले, "असो, त्यावर मी केस उभी करत नाही. मडकं तुम्हाला दिसलं होतंच. सगळ्यांनाच दिसलं. माणिकने आत माणूस आहे म्हणून हात जोडले, डिमेलोने क्रूस केला. तुम्हाला मात्र त्यात माणूस असेल असं वाटलंच नाही, कारण तुम्ही आजवर दिलेल्या मडक्यांत राखेपलीकडे काही नव्हतं. चुलीची नाहीतर बंबाची. म्हणून तुम्ही ट्रंकेत शोधलंत, जमिनीत शोधलंत, आणि मडक्याखालून वाकून घरी गेलात."

तेव्हा मालन आत आली.

"ह्योच तो," ती म्हणाली. "माझ्या आवशीक ह्येनीच सांगल्यान, लष्कराची आग जोरदार."

शेठजींनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांना ती आठवली की नाही, कोण जाणे. पण तोंडावरचा मुखवटा गळाला आणि आवाज कर्कश झाला.

"त्या वर्षी पाऊस खळेना! ओलं लाकूड पेटत नव्हतं, आणि सुकं बाहेर मागाल त्या भावाने जात होतं. सगळेच करत होते. मेलेल्याला काय कळतं?"

"मेलेल्याक नाय कळणा," मालन म्हणाली. "आमका कळता. बाळा तावड्याकव कळला होता."

"तो ऐकेचना," शेठ पुटपुटले. "रविवारी सगळ्यांसमोर, रविवारी सगळ्यांसमोर, एकच धोशा. अध्यक्ष मी होतो."

माणिकने त्यांचा दंड धरला. गाडीत बसवण्याआधी त्याने विचारलं, "बावीस जणांपैकी किती जणांना असं पुरलंत?"

चंद्रप्रकाशने खरोखर आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या, बोटं मोजली.

"लक्षात नाही," तो म्हणाला.

६

रविवारचं उद्घाटन झालं नाही. ओढ्याचा काठ खणला तेव्हा आणखी सहा जण निघाले. त्यांचे बिल्ले कुजून गेले होते. भिंतीवरच्या उरलेल्या एकवीस नावांपैकी हे सहा कोण, ते सांगणारा एकच माणूस होता आणि त्याच्या लक्षात नव्हतं.

एकवीस घरी पत्रं गेली. ती दिघ्यांनी लिहिली, कारण अशी पत्रं लिहायला दुसरं कुणी धजेना. दीड महिन्याने, कोर्टाने हाडं सोडल्यावर, चौदा घरांतली माणसं आली. कुणी साताऱ्याहून, कुणी देवगडहून, एक शीख म्हातारी थेट होशियारपूरहून. ओढ्याकाठी सात चिता रचल्या. लाकूड मुलुंडहून आणलं.

भिकाजीला मालनने अग्नी दिला. बाई स्मशानात नको, म्हणून भटजी कुरकुरले. दिघे म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी इथे पुरुषच होते ना? त्यांनी काय लक्ष ठेवलं ते दिसलंच." भटजींनी मंत्र सुरू केले. सुटून आलेला धाकू तिच्या मागे उभा होता, पण तिने त्याचा आधार घेतला नाही. पेटेपर्यंत बघत राहिली आणि पेटल्यावरही हलली नाही. घरी येताना मात्र तिने नवऱ्याला ऐकवायचं ते ऐकवलं. पुन्हा माझ्यापासून काय लपवशील तर याद राख, आणि असं बरंच.

पण ते नंतर. आधी त्या सहा चिता होत्या, आणि भोवती चौदा घरांतली माणसं. कुणी पुढे होईना. साताऱ्याचा एक म्हातारा, गुडघ्यांनी अधू, काठी टेकत दिघ्यांपाशी आला.

"साहेब, यातला आमचा हिंदुराव कंचा?"

एकतीस वर्षं दिघ्यांनी प्रत्येक मेलेल्या माणसापुढे नाव लिहिलं होतं. नाव नसलेला कागद त्यांनी कधी साहेबापुढे ठेवला नव्हता.

"ठाऊक नाही हो, बाबा. यात असेल, नसेलही."

म्हातारा उभाच राहिला. काय करावं ते त्याला कळत नव्हतं; परत जावं तर मुलगा इथे असायचा, थांबावं तर कुणापाशी? मालन दुरून हे बघत होती. तिचं काम झालं होतं, तिला घरी जायला हरकत नव्हती. ती आली आणि तिने म्हाताऱ्याचा दंड धरला.

"सगळ्यांक द्या, आजोबा. मी चलतंय वांगडा."

ती दोघं पहिल्या चितेपाशी गेली. तिने कोलीत त्याच्या हातात दिलं आणि खालून स्वतःचा हात लावला. ते पाहून होशियारपूरची म्हातारी उठली, मग देवगडचे दोघे भाऊ, मग बाकीचे. म्हाताऱ्याला एका चितेपासून दुसरीपर्यंत जायला फार वेळ लागत होता, पण घाई कुणी केली नाही. प्रत्येक चितेपाशी तो थांबे, वाकून बघे आणि म्हणे, "हिंदुराव, आलो रे पोरा."

सहाही ठिकाणी तो तेच म्हणाला.